ज्या लांकडानें देशाला नांव दिलें

देशांचीं नांवें कशीं पडलीं ह्याचा शोध घेऊं लागलें म्हणजे मोठ्या मौजेच्या गोष्टी हातीं येतात. एखाद्या देशाला नदीचें नांव मिळालेलें असतें, एखाद्याला तेथील जमातीचें, तर एखाद्याला दूरदेशींच्या राजाचें. सिंधूवरून परकीयांनीं आपल्या देशाला नांव दिलें आणि फिलिप राजावरून फिलिपाइन बेटें ओळखलीं जाऊं लागलीं, हें सर्वश्रुत आहे. परंतु बाजारांत वजनावर विकल्या जाणाऱ्या एका जिनसाचें नांव सबंध देशाला चिकटावें, आणि तो देशही क्षेत्रफळानें भारताच्या अडीचपट असावा, असें उदाहरण विरळा. दक्षिण अमेरिकेंतील ब्राझील हें तें उदाहरण होय, आणि तो जिन्नस म्हणजे तेथील समुद्रकांठच्या अरण्यांत होणाऱ्या एका झाडाचें तांबडें लांकूड. पुढें ह्याच झाडाची अशी दशा झाली कीं, विसाव्या शतकाच्या आरंभीं त्याच्याच नांवानें ओळखल्या जाणाऱ्या देशांतील मोठ्या प्रदेशांत तें समूळ नष्ट झालें अशी लोकांची समजूत होऊन बसली.

ही हकीकत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे तें केवळ मौजेखातर नव्हे. एखादी वस्तु माणसाला जितकी मोलाची वाटेल तितकी ती जपली जाईल, अशी एक समजूत व्यवहारांत रूढ आहे. आणि एखाद्या वस्तूचें नांव मोठें झालें म्हणजे तिचें रक्षण आपोआप होतें, अशी दुसरी. ह्या दोन्ही समजुती कितपत खऱ्या, हें ह्या एका झाडाच्या पांचशें वर्षांच्या चरित्रावरून चांगलें पारखतां येतें.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. ब्राझील हें नांव त्या देशाहून जुनें आहे, आणि मूळचें तें आपल्या पूर्वेकडील एका लांकडाचें आहे. आपल्याकडे पतंग ह्या नांवाचें एक लहानसें कांटेरी झाड वाचकांच्या ऐकिवांत असेल. त्याच्या गाभ्याच्या ढलप्या पाण्यांत उकळल्या म्हणजे सुरेख तांबडा रंग उतरतो. पूर्वीं गुलालाला रंग देण्यासाठीं तें वापरीत. वैद्यांच्या ग्रंथांत त्याचा उल्लेख आहे. आणि केरळांत पिण्याचें पाणी उकळतांना त्यांत ह्याच ढलप्या टांकून गुलाबी पाणी पाहुण्यापुढें ठेवण्याची रीत आजही आहे. मलबार, सिंहलद्वीप, सयाम, सुमात्रा ह्या प्रदेशांतून हें लांकूड अरब व्यापाऱ्यांच्या हातून मिसर देशांत आणि तेथून व्हेनिसला जाई. अरब त्याला बक्कम म्हणत. युरोपांतील रंगाऱ्यांनीं बाराव्या शतकापासून त्याला ‘ब्राझील’ ह्या नांवानें ओळखण्यास सुरुवात केली. निखारा ह्या अर्थीं पोर्तुगीज भाषेंत ‘ब्राझा’ असा शब्द आहे, त्याच्याशीं ह्या नांवाचें नातें पुष्कळ विद्वान् जोडतात. तेराव्या शतकाच्या अखेरीस पूर्वेकडून परतलेल्या मार्को पोलोनें कोल्लमचें ब्राझील-लांकूड नांवाजलें आहे. एवढेंच नव्हे, तर सुमात्रा बेटावरून ह्या झाडाचें बीं आपण व्हेनिसला नेऊन पेरलें, परंतु थंडीमुळें तें उगवलें नाहीं, असेंही तो सांगतो. ज्या रंगासाठीं दोन समुद्र ओलांडून मोल द्यावें लागे, तो आपल्या अंगणांत उगवावा ही युरोपियनांची इच्छा किती जुनी होती, हें त्यावरून कळून येईल.

पुढील प्रसंग दोनशें वर्षांनंतरचा आहे. वास्को द गामा कालिकतला जाऊन आल्यावर पोर्तुगालच्या राजानें पेद्रो आल्व्हारिश काब्राल ह्याच्या हाताखालीं तेरा जहाजांचा दुसरा तांडा हिंदुस्थानाकडे धाडला. ९ मार्च १५०० रोजीं हीं जहाजें लिस्बनहून निघालीं, आफ्रिकेला वळसा घालण्यासाठीं अटलांटिक महासागरांत पश्चिमेकडे बरींच दूर गेलीं, आणि २२ एप्रिल रोजीं त्यांस एक अनोळखी किनारा दिसला. काब्रालनें तेथें क्रूस उभारला, त्या भूमीला ‘खऱ्या क्रुसाचें बेट’ असें नांव दिलें, बातमी देण्यासाठीं एक जहाज परत पाठविलें, आणि मे महिन्याच्या आरंभीं तो कालिकतच्या वाटेला लागला. पुढच्या वर्षीं त्या किनाऱ्याची पाहणी करण्यास जीं जहाजें गेलीं, त्यांवरील मंडळींस तेथील रानांत तेंच तांबडें लांकूड उदंड असल्याचें आढळलें. म्हणजे पतंगाच्या मुलखाकडे निघालेल्या लोकांस वाटेंतच दुसरा पतंग सांपडला! क्रुसाचें नांव कागदोपत्रीं राहिलें. खलाशांच्या आणि व्यापाऱ्यांच्या तोंडीं ‘ब्राझीलची भूमि’ हेंच नांव बसलें. पोर्तुगीजांच्या आशियांतील पराक्रमांचा इतिहास लिहिणारा जुआंव द बारुश ह्यानें १५५२ सालीं ह्याबद्दल मोठी हळहळ व्यक्त केली आहे. ज्या काष्ठावर जगाचा उद्धार झाला त्याचें नांव पुसून कापड रंगविणाऱ्या काष्ठाचें नांव लोकांच्या तोंडीं यावें, ही त्याला सैतानाची करणी वाटली. आमच्या मतें त्यांत सैतानाचा हात शोधण्याची जरुरी नाहीं; बाजाराचा हात पुरेसा आहे.

आतां हें झाड आणि त्याचें वसतिस्थान ह्यांचा थोडा परिचय करून घेऊं. ब्राझील म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें ॲमेझॉन नदीचें अफाट अरण्य उभें राहतें. हें झाड त्या अरण्यांतलें नव्हे. ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्याला लागून अटलांटिक अरण्य ह्या नांवानें ओळखला जाणारा एक निराळा पट्टा आहे. ॲमेझॉनचें रान आणि हा पट्टा ह्यांच्यामध्यें कोरड्या झुडुपांचा आणि गवताळ माळांचा विस्तीर्ण प्रदेश पसरला असल्यामुळें, ह्या पट्ट्यांतील पुष्कळशी झाडें, बेडूक, पांखरें आणि माकडें जगांत दुसरीकडे कोठेंही आढळत नाहींत. सह्याद्रीचा कडा जसा मोसमी वाऱ्याला अडवून कोंकणावर पाऊस पाडतो, तसेंच दक्षिणेकडील भागांत तेथील सागरी डोंगरांची रांग महासागराचा ओलावा अडवून धरते. ह्या पट्ट्यांत रिओ ग्रांदे दो नॉर्तेपासून रिओ दे जानेरोपर्यंत, समुद्रापासून फार आंत न शिरतां, निचऱ्याच्या जमिनीवर आमचें हें झाड वाढतें.

त्याच्या खोडावर आणि फांद्यांवर कांटे असतात, शेंगाही कांटेरी असतात, आणि त्या वाळल्या म्हणजे तडकन् फुटून बीं दूर उडतें. फुलें पिंवळीं व सुवासिक असून पांच पाकळ्यांपैकीं एकीवर तांबडा डाग असतो. बाहेरचें लांकूड फिकट. रंग काय तो गाभ्यांत. झाड सावकाश वाढतें, आणि गाभा चांगला भरण्यास कित्येक दशकें लागतात. त्यांतील रंगद्रव्य ताज्या लांकडांत फिकें असतें. हवा लागली म्हणजे तें तांबडें होतें, आणि तुरटी लावलेल्या कापडावर धरतें. हेंच द्रव्य आपल्या पतंगांतही आहे. म्हणून खलाशांनीं दोन्ही झाडांस एकच नांव दिलें त्यांत त्यांनीं अडाणीपणा केला असें म्हणतां येत नाहीं. तेथील तुपी लोक मात्र ह्या झाडाला आपल्या भाषेंत ‘इबिरापितांगा’, म्हणजे तांबडें झाड, असें म्हणत, आणि त्या रंगानें आपलीं पिसें व सूत रंगवीत.

व्यापार लागलाच सुरू झाला. १५०२ सालीं फर्नांव द नोरोन्हा ह्या लिस्बनच्या सावकाराच्या मंडळीला राजानें ह्या लांकडाचा मक्ता दिला. दरवर्षीं सहा जहाजें धाडावीं आणि तीनशें लीग नवा किनारा शोधावा, ही त्यांतील मुख्य अट. ह्या व्यापाराचें एक अस्सल दप्तर आज उपलब्ध आहे, तें १५११ सालीं गेलेल्या ‘ब्रेतोआ’ नांवाच्या जहाजाचें. काबो फ्रिओच्या वखारींतून ह्या एका जहाजानें पांच हजारांहून अधिक ओंडके भरले. त्याच यादींत पोपट आणि माकडें आहेत, आणि पस्तीसच्या आसपास तुपी गुलाम आहेत. ओंडका, पोपट आणि माणूस ह्यांची नोंद एकाच कारकुनाच्या एकाच लेखणीनें झालेली आहे. ह्या व्यापारावर पुढें लिहिल्या गेलेल्या कोणत्याही टीकेपेक्षां ही यादी अधिक बोलकी आहे असें आम्हांस वाटतें.

हे ओंडके तोडले कोणी? पोर्तुगीज संख्येनें थोडे होते आणि त्या किनाऱ्यावर घोडे किंवा बैल नव्हते. सारें काम तुपी लोकांनीं केलें. झाड तोडावयाचें, साल आणि बाहेरचें फिकट लांकूड तासून टांकावयाचें, तुकडे करावयाचे, आणि ते उघड्या खांद्यांवरून रानांतून, टेकड्यांवरून किनाऱ्यापर्यंत वाहून आणावयाचे. मोबदल्यांत त्यांस कुऱ्हाडी, सुऱ्या, आरसे, कातऱ्या, कापड मिळे. पाषाणाच्या कुऱ्हाडीनें जें झाड पाडण्यास फार वेळ लागे, तें लोखंडाच्या कुऱ्हाडीनें अल्पावकाशांत पडूं लागलें. तेव्हां तुपी लोकांस ती कुऱ्हाड हवीशी वाटली ह्यांत नवल नाहीं. परंतु त्याच कुऱ्हाडीनें किनाऱ्याजवळचीं झाडें झपाट्यानें संपलीं आणि लांकडाची वाट वर्षानुवर्षें लांबत गेली. शिवाय प्रत्येक घरांत कुऱ्हाड झाल्यावर आणखी कुऱ्हाडींचें अप्रूप राहिलें नाहीं. मग व्यापाऱ्यांस अधिक मोल द्यावें लागूं लागलें, आणि जेथें मोल परवडेना तेथें जुलूम सुरू झाला.

पोर्तुगीजांचा मक्ता फ्रेंचांनीं कधींच मानला नाहीं. नॉर्मंडींतील द्येप आणि रुआं येथील व्यापारी आपलीं जहाजें परभारें ब्राझीलला धाडीत, कारण रुआं हें कापड विणण्याचें आणि रंगविण्याचें मोठें केंद्र होतें. १५५० सालीं राजा दुसरा आंरी रुआंला आला, तेव्हां तेथील व्यापाऱ्यांनीं सेन नदीच्या कांठीं एक तुपी वस्ती उभी केली. तींत पन्नास खरे तुपी आणि तुप्यांचा वेष घेतलेले दोन-अडीचशें खलाशी लांकूड तोडीत व वाहून नेत असल्याचा देखावा करीत होते. पांच वर्षांनीं रिओच्या उपसागरांत फ्रेंचांनीं एक लहानशी वसाहतही थाटली. ती १५६० सालीं पोर्तुगीजांनीं मोडून काढली. ह्या वसाहतींत १५५७ सालीं झां द लेरी नांवाचा एक तरुण प्रॉटेस्टंट आला होता. त्यानें १५७८ सालीं आपल्या प्रवासाचें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि त्यांत एका वृद्ध तुपी गृहस्थाशीं झालेलें आपलें संभाषण दिलें आहे.

तुम्ही लोक इतक्या दूरवर लांकडासाठीं येतां, तुमच्या देशांत लांकूड नाहीं काय, असें म्हाताऱ्यानें विचारलें. लेरीनें सांगितलें कीं, आम्ही तें जाळीत नाहीं. त्याचा रंग काढतों. त्यावर, इतका रंग हवा कशाला, अशी म्हाताऱ्याची पृच्छा. आमच्याकडे एकेक व्यापारी असा आहे कीं तो एकटाच कित्येक जहाजें भरून लांकूड विकत घेतो, असें उत्तर मिळाल्यावर म्हाताऱ्यानें विचारलें कीं, एवढा श्रीमंत माणूस मरत नाहीं काय, आणि मेल्यावर त्याचें धन कोणाकडे जातें? मुलांकडे, भावांकडे, असें कळतांच तो म्हणाला कीं, तुम्ही मोठे वेडे दिसतां. ज्या भूमीनें तुम्हांस पोसलें ती तुमच्या मुलांनाही पोसणार नाहीं काय? आम्हांलाही मुलें आहेत, परंतु आमच्यामागें भूमि त्यांना पोशील अशी आमची खात्री असल्यामुळें आम्ही स्वस्थ असतों.

हें संभाषण एका फ्रेंच माणसाच्या लेखणींतून वीस वर्षांनंतर उतरलेलें आहे, आणि आपल्या देशबांधवांच्या हांवरेपणावर कोरडा ओढण्याचा लेरीचा हेतु त्यांत लपत नाहीं, हें खरें. तथापि त्यांतील प्रश्न खोटा ठरत नाहीं. दुर्दैव इतकेंच कीं, म्हाताऱ्याची भूमीवरील श्रद्धा पुढील काळानें पार धुळीस मिळविली. लढाया, गुलामगिरी आणि युरोपांतून आलेल्या रोगांच्या सांथी ह्यांनीं सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत किनाऱ्यावरील तुपी वस्त्या ओस पडल्या. त्यांच्या जागीं आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम राबूं लागले.

फ्रेंचांच्या धास्तीनें पोर्तुगालच्या राजानें १५३० सालीं मार्तीं आफोंसो द सौझा ह्याला आरमारासह ब्राझीलला धाडलें. त्यानें १५३२ सालीं तेथें पोर्तुगीजांची पहिली कायमची वसाहत स्थापिली. हाच सौझा पुढें १५४२ पासून १५४५ पर्यंत गोव्यास गव्हर्नर होता, आणि त्याच्याच जहाजांतून फ्रान्सिस झेवियर गोव्याला आला. एकाच राजाच्या चाकरीचीं हीं दोन टोकें होतीं. मध्यंतरीं राजानें ब्राझीलचा किनारा मोठमोठ्या जहागिरींत वांटून दिला. लांकडाचा हक्क मात्र स्वतःकडे राखला. पर्नांबुकोचा जहागीरदार दुआर्ते कोएल्यो ह्यानें १५४६ सालीं राजाला लिहिलेल्या पत्रांत ह्या लांकडाच्या व्यापारापायीं आपण किती हैराण झालों हें कळविलें आहे. लांकूड आतां दूर आंत, कष्टानें आणि धोका पत्करून आणावें लागतें, आणि तें मिळविण्यासाठीं मक्तेदार मंडळी स्थानिक लोकांस वाटेल तें देऊन बिघडवीत आहेत, असा त्याच्या तक्रारीचा आशय आहे. पहिलें जहाज भरून पुरतें अर्धें शतकही लोटलें नव्हतें.

१२ डिसेंबर १६०५ रोजीं राजा तिसरा फिलिप ह्यानें ब्राझील-लांकडासंबंधीं एक सविस्तर फर्मान काढलें. त्या वेळीं स्पेन आणि पोर्तुगाल हीं दोन्ही राज्यें त्याच्या छत्राखालीं असल्यानें गोव्यावरही त्याचाच अंमल होता. लेखी परवान्यावांचून कोणीं झाड तोडूं नये. दरवर्षीं किती तोडावयाचें ह्याची मर्यादा ठरवावी. मर्यादेबाहेर फार तोडणाऱ्यास देहदंडापर्यंत शिक्षा व्हावी. तोडतांना बुंध्याला पुन्हां धुमारे फुटतील असें तोडावें. आणि जेथें हें झाड आहे तेथें शेतीसाठीं रान जाळूं नये, अशीं कलमें त्यांत आहेत. आजच्या वाचकाला हें वाचून आश्चर्य वाटेल, आणि चारशें वर्षांपूर्वींच्या राजाला वनरक्षणाची केवढी दूरदृष्टि होती असें तो म्हणेल. परंतु फर्मानाचें प्रयोजन त्याच्याच मजकुरांत स्पष्ट आहे. लांकूड कमी झालें, दूर गेलें, आणि त्यामुळें राजाचें उत्पन्न बुडूं लागलें, म्हणून हा बंदोबस्त. झाडाचें रक्षण हें तिजोरीच्या रक्षणाचें एक साधन होतें. अशा कायद्याचें आयुष्य किती असतें? जोंवर त्या वस्तूचा भाव टिकतो तोंवर. शिवाय ह्या फर्मानानें एका जातीच्या झाडाला हात लावण्यास मनाई केली. त्याच्याभोंवतींचें रान मात्र उसाच्या मळ्यांना आणि साखरेच्या भट्ट्यांना मोकळें राहिलें. भोंवतालचें रान गेल्यावर राजाचें झाड एकटें कोठवर उभें राहणार?

इकडे युरोपांत ह्या लांकडाची दुसरी कहाणी चालू होती. रंग काढण्यापूर्वीं त्या टणक ओंडक्यांचा भुगा करावा लागे, आणि तें काम इतकें अवघड कीं मजुरी देऊन तें करून घेणें महाग पडे. म्हणून ॲम्स्टरडॅम शहरानें १५९६ सालीं एक तुरुंग स्थापिला आणि भटक्या व गुन्हेगार माणसांस कानशींसारख्या दांतेरी करवतींनीं हें लांकूड किसावयास बसविलें. त्या तुरुंगाला लोक ‘रास्पहाउस’, म्हणजे किसण्याचें घर, ह्याच नांवानें ओळखत. एका टोकाला तुपी आणि आफ्रिकन गुलाम, दुसऱ्या टोकाला साखळदंडांतील कैदी, आणि मध्यें व्यापारी. ज्या तांबड्या झग्यावरून अंगावरच्या माणसाची प्रतिष्ठा ठरे, त्याचा रंग असा तयार होई. तोही फार पक्का नव्हताच. आपल्या मंजिष्ठेचा किंवा लाखेचा रंग जसा टिकतो तसा पतंगाचा टिकत नाहीं. ऊन लागलें म्हणजे तो उडूं लागतो.

अमेरिकन इतिहासकार वॉरन डीन ह्यानें १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत अटलांटिक अरण्याच्या विनाशाचा इतिहास दिला आहे. पहिल्या शंभर वर्षांतच वीस लाखांच्या आसपास झाडें पडलीं असावींत, असा त्याचा अदमास आहे. त्यानंतर उसानें, एकोणिसाव्या शतकांत कॉफीनें, आणि मग शहरांनीं व गुरांच्या कुरणांनीं अरण्यच्या अरण्य गिळलें. आज ह्या पट्ट्याचा किती भाग शिल्लक आहे हें मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. बऱ्यापैकीं टिकलेलें जुनें रान मोजलें तर तो सुमारें अष्टमांश भरतो. लहानसहान तुकडे आणि नव्यानें वाढलेली झाडी धरली तर चतुर्थांशाच्या थोडा पलीकडे जातो. त्यांतही पुष्कळसे तुकडे एकमेकांपासून तुटलेले आहेत.

१८५६ सालीं लंडनमध्यें विल्यम पर्किन ह्या अठरा वर्षांच्या तरुणानें डांबरापासून जांभळा रंग तयार केला आणि कृत्रिम रंगांचें युग सुरू झालें. थोड्याच दशकांत वनस्पतिजन्य रंगांचा बाजार बसला. आतां कोणी म्हणेल कीं, रंगाची गरज संपली तेव्हां तरी झाडाची सुटका झाली असेल. प्रत्यक्षांत घडलें तें उलट. भाव होता तोंवर झाडावर निदान कोणाचा तरी पहारा होता. भाव गेल्यावर पहाराही गेला, आठवणही गेली, आणि उरलीं झाडें इतर झाडांबरोबर सरपणांत जाऊं लागलीं. पर्नांबुको प्रांतांत, म्हणजे ज्या प्रांताच्या नांवानें हें लांकूड युरोपांत विकलें जाई तेथें, तें नष्ट झालें असें मानीत. १९२८ सालीं रेसिफे शहरानजीकच्या साऊं लोरेंसो दा माता येथील एका उसाच्या मळ्याच्या रानांत तें पुन्हां सांपडलें. तीच जागा आज तापाकुरा ह्या नांवानें राखीव आहे.

ह्या विस्मरणाच्या काळांत एका लहानशा धंद्यानें मात्र हें लांकूड विसरलें नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमधील फ्रांस्वा झाव्हिये तुर्त ह्या कारागिरानें व्हायोलिनचा गज आजच्या स्वरूपास आणला, आणि त्यासाठीं त्यानें पर्नांबुकोचें हेंच लांकूड पसंत केलें. तें जड, ताठ आणि तरीही लवचिक असतें. उष्णतेनें त्याला बांक दिला तर तो टिकतो. आणि त्यांतून जाणारें कंपन फार थोडें मंदावतें. ह्या शेवटच्या गुणांत त्याच्या गाभ्यांतील रंगद्रव्यांचाही वांटा आहे, असें आधुनिक प्रयोगांवरून दिसून आलें आहे. म्हणजे ज्या द्रव्यासाठीं एके काळीं झाडाचा भुगा केला जाई, तेंच आज स्वर शुद्ध राखण्यास मदत करतें. व्हायोलिनच्या सबंध गजाचें वजन अवघें साठ ग्रॅमच्या आसपास असतें. परंतु गांठ नसलेला, सरळ रेषांचा तुकडा मिळावा म्हणून पुष्कळ लांकूड बाद करावें लागतें. पूर्वीं जहाजें भरून नेण्याच्या काळांत हा खप नगण्य होता. झाडेंच मोजकीं उरल्यावर तो नगण्य राहिला नाहीं.

स्वतंत्र ब्राझीलनें आपल्या नामदात्याची दखल घेतली ती बऱ्याच उशिरां. पर्नांबुकोंतील प्राध्यापक रोल्दाऊं द सिकेइरा फोंतिस ह्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत रोपें वांटण्याची आणि लावण्याची मोठी चळवळ चालविली. ७ डिसेंबर १९७८ च्या कायद्यानें हें झाड राष्ट्रवृक्ष ठरलें आणि ३ मे हा त्याचा दिवस ठरला. काब्राल जेथें उतरला त्या पोर्तो सेगुरोच्या परिसरांत १९९९ सालीं ह्या झाडाच्या नांवानें एक राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें. २००० सालीं निरनिराळ्या देशांतील गज करणाऱ्या कारागिरांनीं स्वतः पुढाकार घेऊन झाडें लावण्यासाठीं एक संस्था काढली. २००७ सालीं दुर्मिळ वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टांत ह्या झाडाचें नांव आलें आणि ओंडके, फळ्या व अर्धवट घडविलेले गज ह्यांच्या निर्यातीवर निर्बंध पडले. तयार गज त्यांतून सुटत असे. चोरटी तोड त्याच वाटेनें बाहेर पडते, असें ब्राझीलच्या सरकारचें म्हणणें पडलें, आणि २०२२ सालीं पनामा येथील परिषदेंत त्यानें अतिशय कडक अशा पहिल्या परिशिष्टाची मागणी केली. ती मान्य झाली नाहीं. परंतु ब्राझीलमधून प्रथमच बाहेर जाणारा तयार गजही परवान्याच्या कक्षेंत आला. वाद्य हातीं घेऊन देशोदेशीं फिरणाऱ्या वादकांची अडचण आणि झाडाचें जिणें ह्यांचा मेळ कसा घालावा, हा त्या चर्चेंतील कळीचा मुद्दा होता. दोन्ही बाजूंस संगीतावर आणि झाडावर प्रेम करणारीं माणसें होतीं, हें नमूद केलें पाहिजे.

तथापि आमच्या मतें प्रश्नाचें मूळ परवान्यांच्या पलीकडे आहे. आज ब्राझीलच्या शहरांतून, शाळांच्या आवारांतून आणि चौकांतून हें झाड हौसेनें लावलेलें दिसतें. त्याची संख्या वाढली हें चांगलेंच. परंतु चौकांतील झाड म्हणजे अरण्य नव्हे. पट्ट्याच्या उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील झाडांत पिढ्यानुपिढ्या भेद पडत आलेले आहेत. स्थानिक लोकही पानांच्या आकारावरून त्याचे निरनिराळे प्रकार ओळखतात. असे भेद, मधमाश्या, सावली, कुजलेल्या पानांची जमीन, हें सारें रानाबरोबर टिकतें आणि रानाबरोबर जातें. बाहिया प्रांताच्या दक्षिणेस कोकोच्या बागाइतदारांनीं सावलीसाठीं मूळच्या रानांतील उंच झाडें राखलीं, आणि त्यांच्या आडोशानें कांहीं जुनीं तांबडीं झाडेंही वांचलीं. राजाच्या फर्मानानें जें साधलें नाहीं तें येथें अंशतः साधलें, कारण येथें एका झाडाबरोबर त्याचे शेजारीही उभे राहिले.

२०१६ सालीं वनस्पतिशास्त्रज्ञांनीं ह्या झाडाला आपल्या पतंगाच्या कुळीपासून वेगळें काढून ‘पाउब्राझीलिया’ अशी स्वतंत्र प्रजाति दिली. तींत हें एकच झाड आहे. पूर्वेच्या पतंगाकडून उसनें घेतलेलें नांव अशा रीतीनें शास्त्रांत पूर्णपणें त्याचें झालें. त्या देशाच्या रहिवाशांस पोर्तुगीज भाषेंत ‘ब्राझिलेइरो’ म्हणतात. त्यांतील प्रत्यय देशवाचक नसून धंदा दाखविणारा आहे. आपल्याकडील लोहार, सोनार ह्या शब्दांसारखा. म्हणजे त्या शब्दाचा मूळ अर्थ तांबड्या लांकडाचा धंदा करणारा असा आहे, आणि आज एका मोठ्या राष्ट्रांतील सारे लोक तो अभिमानानें धारण करतात.

ज्यांनीं तें लांकूड खांद्यावरून वाहिलें त्यांच्या भाषेचे दोन शब्द मात्र पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याला उतरले आणि आपल्या घरांत येऊन राहिले. काजू आणि अननस हे ते शब्द होत. दोन्हींचें मूळ तुपी आहे. कोंकणांतील बागांत काजू इतका रुळला आहे कीं तो परका आहे हें सांगूनही कोणास पटत नाहीं. त्या फळाची गोडी चाखणाऱ्या आपल्या लोकांनीं त्या म्हाताऱ्याचा प्रश्नही आपलासा करावयास हरकत नाहीं. भूमि आमच्या मुलांना पोशील, असें तो निःशंक मनानें म्हणूं शकला, कारण त्याच्या पाठीमागें अरण्य उभें होतें. तें उभें न ठेवतां नुसतें झाडाचें नांव, त्याचा रंग किंवा त्याचा स्वर राखूं पाहणाऱ्यांस तें वाक्य उच्चारण्याचा अधिकार उरत नाहीं.